मनोरुग्णालयात पेटी घेऊन जाताना

एका संगीतशिक्षिकेनं विचारलं आहे: "मी संगीत विशारद आहे, तालुक्याच्या गावी गायनाचे आणि पेटीचे वर्ग घेते. जवळच्या मनोरुग्णालयानं दर शनिवारी तासभर येण्याविषयी विचारलंय. कोणत्या आजाराला कोणता राग चालतो? काय गावं, काय टाळावं? रुग्ण अंगावर येतील अशी घरच्यांना भीती वाटते, ती खरी आहे का? आणि माझ्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी थोडं चित्रीकरण केलं तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. चित्रीकरण नको. मोबाइल आत नेऊच नका, इन्चार्ज सिस्टरकडे ठेवायला द्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं २४ वं कलम सांगतं, की उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा तिच्याबद्दलची कसलीही माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांकडे जाता कामा नये. तुम्ही म्हणाल, मी कुठे पेपरात देतेय. पण चित्रफीत एकदा मोबाइलमध्ये आली की ती कुठे थांबेल हे आपल्या हातात राहत नाही. आणि पेशंटला विचाराल तर तो 'हो'च म्हणेल. वॉर्डात राहून राहून बाहेरून आलेल्या प्रत्येकाला हो म्हणायची सवय लागलेली असते. त्या 'हो'ला मी संमती मानत नाही. बरी होऊन घरी गेलेली बाई सहा महिन्यांनी नात्यातल्या लग्नाला जाते आणि तिथे कुणाच्या तरी मोबाइलवर ती हॉस्पिटलच्या कपड्यांत टाळ वाजवताना दिसते, एवढं डोळ्यांपुढे आणा.

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणून एका सरकारी मनोरुग्णालयात २२ वर्षं काम केलं. आमच्याकडे 'ओटी' म्हटलं की ऑपरेशन थिएटर नाही, ऑक्युपेशनल थेरपीचा हॉल. तिथे मेणबत्त्या, फाइली, खडू, शिवणकाम चालायचं आणि दर मंगळवारी दुपारी गाणं. १७ वर्षं ते गाणं मी घेतलं. गायनाचं शिक्षण तुमच्याइतकं नाही, तीन परीक्षा दिलेल्या आहेत. पण या कामात जे उपयोगी पडतं ते मंगळवारांनी शिकवलं.

आता रागांचं. अमका राग रक्तदाबाला, तमका निद्रानाशाला, अशा याद्या तुमच्याकडेही आल्या असतील. त्या बाजूला ठेवा. स्किझोफ्रेनियाला हा राग आणि डिप्रेशनला तो, असं कोष्टक कुणी नीट तपासून सिद्ध केलेलं नाही. माणसाला काय भिडतं ते त्यानं लहानपणी काय ऐकलं, कुणाबरोबर ऐकलं, यावर ठरतं. तुम्हाला भैरवी शांत करत असेल. पण वॉर्डातल्या एखाद्याच्या आठवणीत भैरवी म्हणजे घरातून प्रेत उचललं त्या पहाटेचं भजन असू शकतं.

मग संगीताचा उपयोग होतो हे खोटं का? अजिबात नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांवर झालेल्या १८ अभ्यासांचा, एकूण १२१५ जणांचा, वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१७ मध्ये एकत्र आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर एकूण तब्येत, लोकांत मिसळणं, गप्प आणि निर्विकार होत जाण्याची लक्षणं यांत फरक पडतो, असं त्यात दिसलं. मात्र सगळ्या अभ्यासांत सारखा नाही. किती सत्रं झाली आणि ती घेणाऱ्याची तयारी किती, यावर तो अवलंबून होता. वीसेक सत्रं झाली तर परिणाम जास्त ठळक. आता तुमचा हिशोब करा. आठवड्याला एक म्हटलं तर वीस सत्रांना पाच महिने लागतात. दोन शनिवार जाऊन 'काही फरक दिसत नाही' म्हणून सोडायचं असेल तर सुरूच करू नका, असं मी अगदी कळकळीनं सांगते.

आणि एक फरक ध्यानात असू द्या. त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत प्रशिक्षित संगीतोपचारक होते. अमेरिकेत १९४४ पासून विद्यापीठात हा विषय शिकवतात, मिशिगनमध्ये सुरू झाला. तुम्ही आणि मी जे करतो ते संगीताचं सत्र. ते मौल्यवान आहे, पण त्याला उपचार म्हणू नका. आणि 'गाणं ऐकून बरं वाटतंय, आता गोळ्या कशाला' असं कुणी म्हणालं तर लगेच, त्याच दिवशी, सिस्टरच्या कानावर घाला. वर सांगितलेल्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे करमणुकीची, शिक्षणाची वाजवी सोय हा रुग्णालयातल्या माणसाचा हक्क आहे. म्हणजे तुम्ही उपकार करायला जात नाही. त्यांच्या हक्काचा तास त्यांना देताय.

या सगळ्यात मी सर्वांत वर काय ठेवते? ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी पोचणं. गळा, राग, तयारी सगळं त्याच्या नंतर. वॉर्डात वेळेला आकार नसतो. राउंड, डोस, जेवण, झोप. सोमवार आणि गुरुवार यांत फरक राहत नाही. अशा ठिकाणी 'आज मंगळवार, आज बाई येणार' हे एक वाक्य जरी आठवडाभर टिकलं तरी पुष्कळ काम होतं. एकदा माझं पाय मोडण्याचं प्रकरण झालं आणि तीन मंगळवार बुडाले. निरोप पाठवला होता, पण तो वॉर्डापर्यंत पोचलाच नाही. चौथ्या मंगळवारी काठी टेकत गेले तर एका बाईनं जवळ येऊन हळूच विचारलं, "बाई, तुम्हालापण घरच्यांनी नेलं होतं का?" तिच्या लेखी माणूस नाहीसा व्हायची दोनच कारणं होती, एक तर मरण आणि दुसरं डिस्चार्ज. तेव्हापासून सुट्टी असेल तर मी आदल्या आठवड्यात स्वतः सांगायचे आणि कॅलेंडरवर त्या तारखेला त्यांच्याकडूनच फुली मारून घ्यायचे.

दुसरी गोष्ट तितकीच मोठी: नकार. रुग्णालयात माणसाला कशालाच नाही म्हणता येत नाही. गोळी घ्यायची, आंघोळ करायची, दिवे घालवले की झोपायचं. तुमचा तास हा एकच असा असू दे जिथे 'मला नाही गायचं' म्हटलं की विषय संपतो. मामा आणि मावश्या (कक्षसेवकांना सगळे असंच हाक मारतात) कौतुकानं पेशंटला दंडाला धरून आणतात, 'चल, बाई आल्यात, टाळ्या वाजव.' त्यांचा हेतू चांगला असतो. त्यांना गोडीनं समजावा, की जो स्वतः येईल तोच. दारात उभा राहिला तरी आला म्हणायचं.

आमच्या महिला कक्षातली एक बाई भिंतीकडे तोंड करून बसायची. आमच्याकडे पाठ. येत मात्र रोज असे, म्हणजे दर मंगळवारी. मी तिला कधी वळायला सांगितलं नाही. पाच-सहा महिने असेच गेले. एके दिवशी भजनी ठेक्यात माझा हिशोब चुकला. डग्गा धरणारी मुलगी नवीन होती, मी तिच्याकडे बघण्याच्या नादात समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, लवकर आले. भिंतीकडून आवाज आला, "एक मात्रा खाल्लीत." सगळा हॉल गप्प. मी म्हटलं, "खरंच खाल्ली. परत घेऊ?" ती काही बोलली नाही. आम्ही परत घेतलं आणि मी तिच्या पायाकडे बघत राहिले. टाच दर आठव्या मात्रेनंतर, बरोबर समेला, जमिनीवर टेकत होती. इतके महिने ती आठाचं आवर्तन मोजत बसली होती. पुढच्या मंगळवारी ती परत पाठ करूनच बसली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. केस पेपरवर 'सहभाग नाही' असा शेरा होता, तो मी डॉक्टरांशी बोलून दुरुस्त करून घेतला.

भीतीबद्दल. १७ वर्षांत एकदा टाळ भिरकावला गेला, तो भिंतीला लागला. चूक माझी होती. ज्याला सतत आवाज ऐकू येतात अशा माणसाच्या पाठीमागून जाऊन मी पेटीचा सूर धरला. त्याला तो कुठून आला कळलं नाही. तेव्हापासून सूर लावण्याआधी समोर येऊन सांगते, 'आता पेटी वाजणार'. घरच्यांना सांगा, आत जाण्यापूर्वी सिस्टरला 'आज कोण अस्वस्थ आहे' हे विचारायचं, दार मोकळं राहील असं बसायचं, कुणाच्या मागे उभं राहायचं नाही, न विचारता हात लावायचा नाही. ओढणी, लांब मंगळसूत्र, सेफ्टी पिना घरी ठेवा. एवढं पाळलंत की तुमच्या गावच्या एसटी स्टँडवर जेवढा धोका असतो त्याहून इथे जास्त नाही.

वाद्यांचं मात्र काटेकोर बघा. तुणतुणं, एकतारी, तंबोरा आत नको. तार ही धोक्याची वस्तू आहे. टाळांची दोरी लांब असते, ती वीतभराच्या आत आखूड करून घ्या. खंजिरीच्या चकत्या सुटणाऱ्या नसाव्यात. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बॅटरीवरचा घ्या, वायर लोंबणारा नको. चिपळ्या, दिमडी, ढोलकी, घुंगरांचा पट्टा चालतो. आत जाताना मोजायचं, बाहेर येताना मोजायचं, आणि ही मोजणी पेशंटांपैकीच एकाकडे द्यायची. आमच्याकडे हे काम एका माणसाला दिलं होतं. आजार उसळला की तो सगळ्यांच्या वरताण गायचा, थांबायचाच नाही. मोजणी त्याच्याकडे आल्यावर त्याला सत्रात उठायला, फिरायला, बोलायला हक्काचं कारण मिळालं. "बारा जोड्या, बाई, बारा!" हे तो दारातून ओरडून सांगायचा आणि मगच मी निघायची.

गोळ्यांची थोडी माहिती करून घ्या, नाहीतर तुम्ही माणसाला आळशी किंवा बेताल समजाल. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी अंग ताठरतं, बोटं सावकाश उघडमीट होतात. दुगुनमध्ये, म्हणजे दुप्पट लयीत, टाळ्या जमत नाहीत. ताठरपणा कमी करायला जी गोळी देतात तिनं तोंड कोरडं पडतं. क्लोझापिनवर लाळ गळते आणि त्याची माणसाला लाज वाटते, म्हणून रुमाल सगळ्यांनाच द्या, एकट्याला नको. लिथियमनं हात बारीक थरथरतात. त्यातच पाणी कमी पडलं तर लिथियम रक्तात वाढतं, ते घातक आहे. म्हणून पाण्याचा माठ आणि पेले हॉलमध्ये हवेतच, मार्च ते जून तर नक्कीच. काहींना औषधामुळे पायात इतकी तगमग होते की बसवतच नाही. अशा माणसाला 'बस रे खाली' म्हणू नका. एक तरुण मुलगा हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारखा येरझारा घालायचा. मी त्याच्या पावलांवर लय धरली. तो भराभर चालला की गाणं भराभर, थांबला की गाणं थांबायचं. तिसऱ्या खेपेला त्याच्या ते लक्षात आलं. मग तो मुद्दाम थांबून बघायला लागला, आणि हसला. त्या दिवशी अख्खा हॉल त्याच्या पावलांवर गायला.

हे तत्त्व जुनंच आहे. डेट्रॉइटजवळच्या एलॉइज रुग्णालयात आयरा ऑल्टशुलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४०च्या दशकात ते मांडलं: आधी रुग्णाची जी मनःस्थिती आणि जो वेग आहे तिथे संगीतानं जायचं, मग हळूहळू हवं तिकडे वळवायचं. उदास माणसापुढे एकदम उडतं गाणं लावलं तर तो आणखी आत जातो. त्याच्याबरोबर आधी दहा मिनिटं मंद, खर्जात बसायची तयारी हवी. मॅनियातल्या, म्हणजे आजारानं अति चेकाळलेल्या, माणसाबरोबर उलट. सुरुवात त्याच्या वेगानं, पण ढोलकीचा कडकडाट करून त्याला आणखी चढवायचं नाही. दर कडव्याला एक पायरी खाली यायचं.

आणि पट्टी! तुमची पट्टी विसरा. मी स्वतः काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर 'सा' धरून गाते. वॉर्डात त्याहून खालच्या पांढरी चारला लावायचे आणि तार सप्तकात जाणारी चाल घ्यायचेच नाही. औषधांनी आवाज जड होतात, पुरुष पेशंट तंबाखू-विडीनं घसा बसलेले. तुमच्या सुंदर वरच्या षड्जावर ते टाळ्या वाजवतील आणि गाणं तुमच्यापुरतं राहील. मग तो कार्यक्रम झाला. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, असे कार्यक्रम खूप होतात. पाहुणे येतात, गातात, केळी वाटतात, जातात. त्याबद्दल मला राग नाही, पण ते हे काम नव्हे.

वेळ दुपारची घ्या. सकाळी राउंड असतो, डोसची गुंगी असते, ज्यांना शॉक दिलेला असतो ते गोंधळलेले असतात. आमचा तास तीन ते चार. चहाच्या आधी संपवायचा, कारण चहाची किटली दिसली की सगळे उठतात आणि त्यांचं बरोबर आहे. दहा-बारा जण पुरेत. माइक, स्पीकर अजिबात नको.

सुरुवात दर वेळी सारखी ठेवा. आम्ही त्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर षड्ज धरायचो आणि एकेकाचं नाव गायचो, फक्त सा-रे-सा, एवढंच. ज्याचं त्याला विचारायचं, 'काय म्हणू?' एक आजोबा म्हणायचे, "सरपंच म्हणा." आम्ही 'सरपंच' गायचो. ते खरे सरपंच होते की तो त्यांचा भ्रम होता, या वादात गाण्याच्या तासाला पडायचं नाही. एकाला तर वर्षभर नावच नको होतं. त्याच्या वेळी आम्ही नुसता सूर धरून तेवढा वेळ थांबायचो.

काय गायचं? आधी त्यांना विचारा. भजनं, अभंग चालतात, कारण निम्म्या वॉर्डाला ते पाठ असतात आणि टाळ हातात आला की हात आपोआप चालतो. पण सगळा तास भक्तीचा करू नका. वॉर्डात मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध पेशंट असतात. आणि काहींच्या आजारातच देव त्यांच्याशी बोलत असतो, त्यांना आणखी देव नको असतो. भोंडल्याची गाणी, कोळीगीतं, भलरी, सिनेमाची गाणी, पोवाडा, सगळं येऊ द्या. लावणीची फर्माईश आली तर मामा-मावश्या हसतात, कधी 'इथं नको' म्हणतात. मी लावणी गायचे. चाळिशीतल्या बाईला लावणी म्हणावीशी वाटणं यात आजार कुठला? उलट कित्येक महिन्यांत तिला काही हवंसं वाटण्याची ती पहिली वेळ असेल.

संबळ मात्र जपून. एकदा बाहेरून जागरण-गोंधळ करणारी मंडळी आमच्याकडे आली. हौसेनं आली होती. संबळाचा तो चढत जाणारा ठेका सुरू झाला आणि पाच मिनिटांत तिघींच्या अंगात आलं. केस सुटले, घुमणं सुरू झालं. त्या बाया गावाकडे याच ठेक्यावर घुमत आलेल्या, शरीर ते विसरलेलं नसतं. एकीनं डोकं खांबावर आपटून घेतलं, टाके पडले. गोंधळ्यांचा दोष नाही, आधी विचार करायला हवा होता तो मी. आरतीसुद्धा झांजांसह चढत्या लयीत नेली तर हेच होऊ शकतं. म्हणायची असेल तर एकाच संथ लयीत.

आणि पाळणा. हे सांगायला मला आजही जड जातं. दुसऱ्याच वर्षी, श्रावणात, गोकुळअष्टमीच्या आसपास मी कृष्णाचा पाळणा घेतला. मला वाटलं, बायकांना आवडेल. बाळंतपणानंतर आजार होऊन दाखल झालेली एक मुलगी तिथे होती. बाळ सासरी होतं, अकरा आठवड्यांचं. दुसऱ्या कडव्याला तिनं दोन्ही हातांनी कुर्ता छातीशी आवळून धरला. ओला झाला होता. तिला दूध आलं होतं. मी गाणं थांबवलं, पण थांबवून काय उपयोग. त्या रात्री ती झोपली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "केस पेपर वाचला होतात?" नव्हता वाचला. तुम्हाला केस पेपर वाचायला मिळणार नाही, बाहेरच्या माणसाला मिळूही नये. पण 'कुठल्या विषयाची गाणी आज नकोत' एवढं सिस्टरला विचारता येतं. पाळणा, लग्नाची गाणी, बहीण-भावाची गाणी, बिदाईची गाणी मी पुढे कधी स्वतःहून काढली नाहीत. पेशंटनं काढली तर साथ द्यायची, एवढंच.

ओव्यांचं वेगळं लिहायला हवं. पन्नाशीपुढच्या खेड्यातल्या बायका वॉर्डात असतील तर त्यांच्याकडे ओव्या असतात, आणि ओवीत बाई स्वतःचं सगळं घालते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या ओव्यांत भावांची नावं आहेत, गावांची, नदीची, बाजाराच्या वारांची आहेत. आमच्याकडे रस्त्यावर सापडून पोलिसांमार्फत आलेली एक बाई होती. नाव सांगायची ते रोज वेगळं. गाव विचारलं की गप्प. मंगळवारी कुणीतरी जात्यासारखा हात फिरवून ओवी म्हटली आणि हिनं पुढची जोडली. तिच्या ओवीत भावाचं नाव होतं, एका घाटाचं आणि एका आठवडे बाजाराचं. मी तिला विचारलं, 'हे समाजसेवा अधीक्षकांना सांगू का? ते तुमच्या भावाला शोधतील.' तिनं खूप वेळानं मान हलवली. असं विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाण्यात निघालेली गोष्ट ही तुम्हाला दिलेली असते, खात्याला दिलेली नसते.

चार महिने लागले. भाऊ सापडला. आला, लुगडं-खण घेऊन आला, बहिणीच्या पायाशी बसून रडला. आणि संध्याकाळी एकटा परत गेला. घरात सुना आहेत, म्हणाला. कायद्याचं १९ वं कलम सांगतं, की घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणासाठी माणसाला रुग्णालयात ठेवता येत नाही. त्या कलमाच्या जोरावर आमच्या समाजसेवा अधीक्षक तिच्यासाठी पुढे दोन वर्षं धडपडल्या आणि ती एका निवासी संस्थेत गेली. पण मधली दोन वर्षं ती मंगळवारी यायची, इतरांच्या ओव्यांना साथ द्यायची, आणि भावाची ओवी तिनं परत म्हटली नाही. मी ती काढली नाही. तुमच्यासमोर असं येईल तेव्हा धीर द्यायला म्हणून काही बोलू नका. तिच्या पट्टीत सूर धरून ठेवा.

संगीत रुग्णालयात नेणं ही आपल्याकडे फार नवी गोष्ट वाटते, म्हणून एक सांगते. इंग्लंडमध्ये पॉविकच्या वेड्यांच्या इस्पितळात १८७९ ते १८८४ या काळात कर्मचाऱ्यांचा बँड होता आणि त्याचा प्रमुख होता एडवर्ड एल्गार, जो पुढे तिथला फार मोठा संगीतकार झाला. रुग्णांच्या नाचासाठी त्यानं पोल्का आणि क्वाड्रिल या नाचांच्या धून लिहिल्या. मला त्यात आवडतं ते हे, की बँडमध्ये वाजवणारे तिथलेच कर्मचारी होते. तुम्हीही मामा-मावश्यांना सत्रात बसवा. आमचे एक मामा उत्तम ढोलकी वाजवायचे हे १२ वर्षं कुणाला माहीत नव्हतं. ज्या माणसाबरोबर मंगळवारी ढोलकी वाजवली त्याला बुधवारी ओरडताना जीभ जरा अडखळते. वॉर्डातलं वातावरण यानं जितकं बदललं तितकं माझ्या गाण्यानं बदललं नाही.

काही दिवस वाईट जातील. कुणीच येणार नाही, किंवा येतील आणि झोपतील. कुणी रडायला लागेल. रडणाऱ्याला गप्प करू नका, शेजारी पाणी ठेवा, गाणं हळू करा, संपल्यावर सिस्टरला सांगा. कुणी 'मी आज संपवणार' किंवा तशा अर्थाचं काही बोललं, गमतीत बोललं तरी, सत्र थांबवून तेव्हाच सांगा. 'कुणाला सांगू नका' असं वचन कधीही देऊ नका. घरी आल्यावर तुम्हालाही जड होईल. एक माणूस ठरवून ठेवा, ज्याच्याशी नावं न घेता बोलता येईल. मला माझी आई होती.

पहिल्या शनिवारी काय करायचं, तर फार काही नाही. पेटी न्या, बाकी वाद्यं नंतर. चटईवर बसा, पांढरी चारवर सूर धरा आणि भाता तुम्ही हलवू नका. ज्याला हवं त्याला हलवू द्या. लिथियमनं थरथरणारा हातसुद्धा भाता छान हलवतो, कारण त्याला बारीक काम लागत नाही. नुसती मागे-पुढे मोठी हालचाल. तो थांबला की सूर विझतो, त्यानं ओढला की तुमचा आवाज चालतो. गाणं त्याच्या श्वासावर राहतं आणि हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, हाताला कळतं. एक गाणं झालं की भाता पुढच्याकडे.

निघताना पुढच्या शनिवारची तारीख मोठ्यानं सांगा, कॅलेंडरवर त्यांच्याकडून खूण करून घ्या. आणि मला कळवा, कोणत्या पट्टीत सगळ्यांचा आवाज लागला ते. माझा अंदाज पांढरी चारचा आहे, पण पुरुषांच्या वॉर्डात गेलात तर काळी एकच्या आसपास यावं लागेल.